पूल कोणासोबत ओलांडायचा

सासूबाईंना बस लागते आणि बोट तर नुसत्या नावानेच लागते. म्हणून मात्सुशिमाच्या खाडीवरची सहल पायीच होणार, असं त्यांनी फर्मान काढलं. तिथल्या स्टेशनापर्यंत आगगाडी, पुढे सगळं चालत. जेवणाच्या टेबलावर त्यांनी नकाशा पसरला होता. बाहेर सकाळपासून धुकं होतं. समोरचं मासळीचं दुकानसुद्धा दिसत नव्हतं.

"आधी तो लांबचा लाल पूल," मी म्हटलं. "मग किनाऱ्याने देवळापर्यंत. भाजलेली कालवं खाऊ आणि परत."

"आणि ओशिमा? तो पूल राहिला की."

ओशिमा बेटावरचा तो पूल म्हणजे नाती तोडणारा. ज्याच्यासोबत ओलांडाल, त्याच्याशी असलेला ऋणानुबंध तुटतो. प्रेमात पडलेली पोरं तिकडे फिरकत नाहीत. वैतागलेल्या बायका मात्र नवऱ्याला हाताला धरून नेतात.

माझा नवरा योशिकी समुद्रात बुडून गेला, तेव्हापासून या घरात आम्ही दोघीच. मासळीबाजारातल्या ओनोदेराने मला लग्नाचं विचारलं होतं, ते मी आईंना सांगितलं नव्हतं. हे घर सोडायची इच्छा होती आणि त्या इच्छेची लाज वाटत होती.

"आई, मला घालवायचंय का?"

"घालवायला तू काय मांजर आहेस? ओनोदेरा काय म्हणतो ते सांग."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अख्खा मासळीबाजार बोलतोय. माझे काय कान झडलेत? चांगलाय. दात जरा पुढे आहेत, पण चांगलाय." मग हळू आवाजात म्हणाल्या, "योशिकीचा फोटो पिशवीत घे आणि त्याला घेऊन पूल ओलांड. मी पुलाच्या अलीकडेच चहा पीत बसते. मी कशाला माझ्या पोराशी तोडू?"

मला रडू फुटलं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला. काहीतरी भरपाई करावी म्हणून मी घाईघाईने बोलून गेले, "मी दर रविवारी येत जाईन, आई. तुमच्याशी थोडंच तुटणार आहे?"

त्यांनी नकाशाची घडी तळहाताने सपाट केली.

"रविवारी येशील. मग माझे गुडघे बघून बुधवारीही येशील. इथली भांडी घासशील, त्याच्या फोटोपुढे भात ठेवशील आणि रडत घरी जाशील. तिकडे तो बिचारा दातओठ खात बसेल. असा संसार होतो होय?"

"मग काय करू?"

"योशिकी राहू दे माझ्याजवळ. पुलावर मला घेऊन चल."

मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं. पण त्यांचं बोट नकाशावर स्टेशनाकडे सरकलंही होतं.

"येताना तू आधीच्या गाडीने ये," त्या म्हणाल्या. "मी मागच्या गाडीने येईन."