क्लेगबाईंचा अंगठा

"पोरी, सुई टोचत्येस की खांब रोवत्येस?" मिस्टर एंट्विसल ओरडले आणि त्यांच्या डाव्या पायाने स्टीलचा ट्रे उडवला.

मिस्टर एंट्विसल यांनी अडतीस वर्षं लँकेशरमध्ये बस चालवली होती. उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख दोन वर्षं मांसात रुतत होतं, आणि डावा पाय अजून क्लच दाबायच्या सवयीत होता. तमसिन नावाची विद्यार्थिनी सिरिंज हातात धरून तशीच उभी राहिली.

पडद्याआडून क्लेगबाई आल्या. ग्लेनिस क्लेग, वय एकसष्ट. पायांच्या डॉक्टरांच्या भावी पिढ्यांना अंगठा बधिर कसा करायचा आणि रुतलेलं नख कसं कापून काढायचं, हे त्या विद्यापीठाच्या दवाखान्यात एकतीस वर्षं शिकवत होत्या.

"काय झालं, बाळा?" त्यांनी विचारलं. त्यांच्या लेखी टपालवाल्यापासून कुलगुरूंपर्यंत सगळे बाळच होते.

"काय झालं? माझी दाढ मेव्हण्याने पकडीने उपटली होती, गॅरेजमध्ये. तेव्हासुद्धा एवढं दुखलं नव्हतं!"

"आमच्या तमसिनचा हात म्हणजे लोणी आहे."

"मग ते फ्रीजमधून आत्ताच काढलंय," एंट्विसल म्हणाले, आणि एक बूट हातात घेऊन लंगडत निघून गेले.

महिन्यातली ही तिसरी तक्रार. क्लेगबाईंनी निष्कर्ष काढला की या गावाचे अंगठे नाजूक झाले आहेत. तमसिनच्या हाताबद्दल शंका घेणं म्हणजे स्वतःच्या अंगठ्यावर अविश्वास दाखवणं होतं.

पूर्वी विद्यार्थी एकमेकांच्या अंगठ्यात सुया घालून शिकत. मग कोणीतरी जोखमीचा तक्ता तयार केला आणि ते बंद पडलं. विद्यापीठाने सिलिकॉनचा पाय विकत घेतला. सिलिकॉनचा पाय कधी ओरडत नाही, आणि क्लेगबाईंच्या मते हीच त्याची मोठी उणीव होती. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याची पहिली सुई त्या स्वतःच्या डाव्या अंगठ्यात घेत. संमतीपत्रावर रुग्ण म्हणून सही ग्लेनिस क्लेग, देखरेख करणारी म्हणून सही ग्लेनिस क्लेग. मग चष्मा काढायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. निकाल तीनच: लोणी, बरा, गाढव. बहुतेक वर्षी गाढवांचं बहुमत असे. यंदा मात्र बारापैकी अकरा जण लोणी निघाले होते. विभागप्रमुखांनी केक आणला. एकतीस वर्षांनी का होईना, आपलं शिकवणं पिकलं, असं बाईंना वाटलं.

बारावा डेक्लन राइली. हा मुलगा संथ नव्हता, थांबलेला होता. दोन वेळा परीक्षेला बसला आणि दोन्ही वेळा सुईपर्यंत पोचायच्या आत वेळ संपली. आज तिसरी आणि शेवटची संधी. नापास झाला तर वर्ष पुन्हा, आणि सप्टेंबरपासून ठरलेली नोकरी गेली.

दुपारी दोनला बाईंनी बूट-मोजा काढला आणि खुर्चीत टेकल्या.

"कशाची ॲलर्जी?" डेक्लनने विचारलं.

"सकाळपर्यंत नव्हती. तुला बघून व्हायला लागल्ये."

"नाही, असं लिहितो." त्याने लिहिलं. "मिसेस क्लेग, तळव्याला हा खळगा कसला पडलाय?"

"मोज्याची शिवण. अरे बाळा, तू अंगठा बधिर करणार आहेस की माझं चरित्र लिहिणार आहेस?"

"तपासायच्या यादीत आहे, म्हणून."

यादी बाईंनीच केलेली होती, त्यामुळे काही बोलता येईना. त्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले. सोमवारपासून त्यांचं डोकं फिरलेलं होतं. वर्ग संपताना मोजणीत सुईचं एक टोपण कमी भरलं होतं. टोपणाला काय पाय फुटले, असं म्हणत त्यांनी बाराही जणांना गुडघ्यांवर रांगायला लावलं. टोपण मिळालं नाही. आता हा मुलगा.

"इथे काही कळतंय?" डेक्लनचा आवाज आला.

"नाही."

"आणि या बाजूला?"

"नाही." बाईंच्या चेहऱ्यावर नाइलाजाने हसू आलं. "शाबास रे! दोन्ही बाजूंनी सुई घातलीस आणि मला पत्तासुद्धा नाही. लोणी! दोन वर्षं कुठे लपवला होतास हा हात?"



"मिसेस क्लेग, मी अजून सुईचं पाकीट फोडलेलं नाही."

बाईंनी डोळे उघडले, चष्मा लावला. पाकीट बंद होतं.

"मग काय करत होतास?"

"बधिर करायच्या आधी जाणीव तपासत होतो. टोकदार काडीने. तुम्हीच शिकवलंत."

"बाकीच्यांनी तपासली नाही?"

"तुम्हीच म्हणालात ना, माझ्या पायावर वेळ घालवू नका. मी... मला यादी सोडता येत नाही."

चार वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाले होते, साखर काठावर आहे. बाई प्रत्येक चहाबरोबर दोन बिस्किटं खात त्या काठावर मजेत बसून राहिल्या होत्या. दरवर्षी पाय तपासायला बोलावणं येई. तिथे तपासणारी मुलगी त्यांचीच विद्यार्थिनी, 'बरा' निकालाची. तिच्यापुढे मोजा काय काढायचा!

"नायलॉनची तार आण," त्या म्हणाल्या. "दोन्ही पाय. दहा-दहा ठिकाणी टेकव. कळलं की मी हो म्हणेन."

त्यांनी डोळे मिटले. तार टेकवताना डेक्लनची बाही दर वेळी सळसळत होती. त्या सळसळीवर हो म्हणत गेलं असतं तर वीसपैकी वीस गुण मिळाले असते. बाई बाहीवर हो म्हणाल्या नाहीत.

"किती?"

"डाव्या पायाला एक, टाचेपाशी. उजव्याला दोन. तिसऱ्याला तुम्ही 'बहुतेक' म्हणालात."

"बहुतेक धरायचं नाही."

"नाही धरलं."

बाई सिलिकॉनच्या पायाकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "अकराही जणांना बोलाव. त्यांच्या वह्यांतल्या माझ्या सह्या खोडायच्यात. आणि एंट्विसलना फोन लाव. त्यांना सांगायचंय, बाळा, दुखलं ते खरंच दुखलं."

"आणि माझं?" डेक्लनने हळूच विचारलं.

त्यांनी त्याची वही ओढली. 'आधी जाणीव तपासली' यापुढे बरोबरची खूण केली आणि खाली सही केली. सुईचा रकाना मोकळा सोडला. "हे आता मला सांगता येणार नाही. ज्याला कळतं अशा माणसाला विचारायला हवं. विभागप्रमुखांना मी सांगते, तुझी संधी संपलेली नाही. परीक्षाच झालेली नाही."

डेक्लनने पाय तपासणीचा नवा फॉर्म घेतला. "रुग्णाचं नाव..."

"माहीत आहे तुला."

"जोखीम?" त्याचं पेन थांबलं. "मध्यम लिहू?"

"डेक्लन."

त्याने 'जास्त' लिहिलं.

बाईंनी मोजा चढवला आणि बुटाकडे हात नेला.

"मिसेस क्लेग, शेवटचं एक राहिलंय. यादीत."

"बोल."

"बूट घालायच्या आधी आत बघायचं. झटकून."

हे वाक्य त्या एकतीस वर्षं लोकांना ऐकवत आल्या होत्या. त्यांनी डावा बूट उलटा केला आणि खुर्चीच्या पायावर आपटला. केशरी रंगाचं एक टोपण खाली पडलं. दाबून चपटं झालेलं असल्यामुळे ते घरंगळलंही नाही.

डेक्लन गुडघ्यांवर बसला, ते उचललं आणि ट्रेमध्ये ठेवलं. 

बाईंनी मोजणीची नोंदवही उघडली. सोमवारच्या 'टोपण १ कमी' समोर 'सापडलं' असं लिहिलं, आजची तारीख घातली. मग बूट चढवला, आणि नाडी बांधण्याआधी वाकून बघितलं, पाय नीट आत गेलाय का.