तास कोणाचा?

फादर डाबरे मला म्हणाले, "दौलतराव, हा एक धडा पुढच्या टर्मला घ्या." पुढच्या टर्मला ते काय म्हणतील हे मला तेव्हाच कळलं. म्हणतील, परीक्षा झाल्यावर घ्या.

धडा होता गोव्यातल्या इन्क्विझिशनचा. पोर्तुगीज पाद्र्यांची ती धर्मसभा. बाप्तिस्मा घेतलेल्यांनी जुने देव चोरून पुजले असा नुसता संशय आला तरी त्यांना पकडायची, छळायची, काहींना जाळायचीसुद्धा. विद्यापीठाने धडा नेमलेला होता आणि मी शिकवत होतो फादरांच्या कॉलेजात, चिंचवडच्या पुढे माळावर. साल पंचावन्न. पंधरा ऑगस्टला गोव्याच्या हद्दीवर पोर्तुगीजांनी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या होत्या, आणि तेव्हापासून आमच्या भागात पांढरा झगा दिसला की लोकांना पोर्तुगीजच दिसायचा. डाबरे तर वसईचे, घरी केळीची बाग, बोलण्यात पावलोपावली मराठी म्हणी. पण सांगणार कोणाला!

"वरिष्ठांचं पत्र आलंय," ते म्हणाले. "वातावरण तापलंय, जपून राहा म्हणतात."

"म्हणजे धडा गाळा, असंच ना?"

"कॉलेज चर्चचं आहे, दौलतराव."

"आणि पदवी विद्यापीठाची. मग तास कोणाचा?"

फादर खिडकीबाहेर बघत राहिले. मी मुळातच तापट, त्यात गप्प बसलेल्या माणसापुढे मला जास्त चेव येतो. म्हणालो, "आपल्या माणसांनी केलं म्हणून ते गाळायचं, तर इतिहास शिकवताच कशाला? पोथी लावा, रोज एक अध्याय वाचा." हे वाक्य मला फार आवडलं. बोलून झाल्यावरही मी ते मनात घोळवत होतो.

"शुक्रवारी घ्या," शेवटी ते म्हणाले. "मी मागच्या बाकावर बसेन."

"पाळत ठेवायला?"

"ऐकायला. वरिष्ठांना उत्तर मला द्यायचंय. आधी मी स्वतः ऐकलेलं बरं."

ही बातमी आमच्या गावात माझ्याआधी पोचली. भोसरीच्या अंगाला आमचं गाव, आणि गावात शब्द चालायचा तो माझ्या चुलत्याचा, सोपानतात्यांचा. वडील गेले तेव्हा मी रांगत होतो. तात्यांनी मला वाढवलं, खांद्यावर बसवून शाळेत नेलं, बी.ए. झालो तेव्हा बैलगाडी सजवून माझी मिरवणूक काढली. मला बाप आठवत नाही, आणि तात्या असेपर्यंत तो आठवायची गरजही पडली नाही.

"त्यांच्याच घरात बसून त्यांचं पाप सांगनार? वाघ हाईस!" तात्या म्हणाले.

"तात्या, तास आहे तो. सभा नाही."

"आमी काय गोंधळ घालतोय व्हय? खिडकीशी हुबं ऱ्हाऊन ऐकतो. ऐकलं की मग बगू, ह्यांचा गाशा कसा गुंडाळायचा त्ये."

मला भीती वाटली, आणि खोटं कशाला बोलू, छातीही फुगली. तात्यांना नको म्हणायची आमच्या घरात कोणाला सवय नव्हती.

शुक्रवारी वर्गाच्या तिन्ही खिडक्या माणसांनी भरून गेल्या. उजेड अडला. काहींच्या हातात काठ्या होत्या. मागच्या बाकावर फादर डाबरे एकटेच बसलेले, आणि त्यांच्या शेजारी बसायला एकही विद्यार्थी धजला नव्हता.

मी बोलायला लागलो. कैदेच्या खोल्या, छळाची साधनं, शेजाऱ्यानेच शेजाऱ्याची केलेली चुगली, सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, पण एक शब्दही गाळला नाही. फादरांचा चेहरा पांढरा पडला होता. तरी त्यांनी मान खाली घातली नाही, आणि त्याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटला.

"जित्ती माणसं जाळायचे का न्हाई, त्ये सांग!" तात्या खिडकीतून ओरडले.

"जाळायचे," मी म्हणालो.

बाहेर गलका झाला. कोणीतरी खिडकीच्या गजांवर काठी आपटली. "वढा त्या पाद्र्याला भायेर!" असं कोणी म्हणालं, ते सगळ्यांनी ऐकलं, फादरांनीही. त्याच वेळी दुसऱ्या बाकावरून मार्था साळवे उभी राहिली.

मार्थाचे वडील पिंपरीच्या पेनिसिलिनच्या कारखान्यात होते. तिचा आजा आमच्याच गावचा, महारवाड्यातला, तो ख्रिस्ती झाला होता. वर्गात ती सहसा तोंड उघडत नसे.

"सर, एक विचारू? धर्म बदललेल्या माणसाला छळायचं, हे फक्त त्यांनीच केलं का?"

गलका थांबला.

"माझ्या आज्यानं बाप्तिस्मा घेतला आणि महिन्याभरात त्याचं घर जळालं. तुमच्याच गावात. ते कोणत्या धड्यात आहे?"

 गावात ती गोष्ट सगळ्यांना माहीत होती, पण एकाच तऱ्हेने: चुलीतली ठिणगी उडाली आणि खोपट गेलं. लहानपणी बायका जात्यावर कुजबुजायच्या ती गोष्ट वेगळी होती. मी ती अर्धीमुर्धी ऐकली होती, आणि घरात कधी विचारली नव्हती. मी खिडकीकडे पाहिलं. तात्या मार्थाकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते.

"दौलता," ते हळू म्हणाले, "पोरीला खाली बसव."

आणि चॅपलची बाराची घंटा झाली.

आमच्या कॉलेजचा तो रिवाज होता. बाराला घंटा झाली की सगळ्यांनी उभं राहायचं, ख्रिस्ती असतील त्यांनी प्रार्थना म्हणायची, बाकीच्यांनी हात जोडायचे, आणि तास तिथेच संपायचा. वर्ग उभा राहिला. खिडकीतल्या लोकांना काय करावं कळेना. एकदोघांनी सवयीने हात जोडले. मीही हात जोडले, आणि जिवात जीव आला. सुटलो! तास संपला होता, आणि मला कोणी पळपुटा म्हणू शकत नव्हतं. फादरांच्या देवानेच मला सोडवलं होतं.

पण आपल्या माणसांनी केलं म्हणून गाळायचं का, हे मीच विचारलं होतं, आणि ते आता माझ्याच घशात हाडासारखं अडकलं. प्रार्थना संपली. पोरांनी पुस्तकं गोळा केली. मार्था तशीच उभी होती. मागे फादर डाबरे पुन्हा बाकावर बसले. ऐकायच्या तयारीने बसले.

"बसा सगळे," मी म्हणालो. "तास संपलेला नाही."

 टेबलाला धरून मी सांगायला लागलो. "पंचांनी मार्थाच्या आज्याचं बलुतं तोडलं, म्हणजे सुगीतला धान्याचा वाटा बंद केला. त्याला गावात पाय ठेवायची बंदी केली. त्या पंचांत माझे आजोबा होते. पहिला शब्द त्यांचा होता."

"आणि आग?" मार्थाने विचारलं.

"गाव म्हणतं, चुलीतली ठिणगी. मला ते खरं वाटत नाही. कोणी लावली, ते मला माहीत नाही."

"मला ठावं हाय," खिडकीतून आवाज आला.

सगळे वळले. तात्यांनी दोन्ही हातांनी गज धरले होते. शेजारची माणसं त्यांच्यापासून जरा सरकली होती.

"म्या लावली. बानं सांगितलं, म्या लावली." त्यांचा आवाज चिरकला, पण नजर खाली गेली नाही. "सांग की आता. लई खरं बोलनारा ना तू? सांग, चुलत्यानं लावली. ह्याच हातांनी लावली, अन् ह्याच हातांनी तुला वाडवला."

मार्था खाली बसली. तिने दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरली होती. मला धावत जाऊन तात्यांचे पाय धरावेसे वाटले. त्यांचं तोंड पुन्हा कधी पाहू नये, असंही वाटलं. डोळ्यांतलं पाणी मी पुसलं नाही. पोरं माझ्याकडे बघत होती, नेहमीसारखी, पुढे काय म्हणून.

"लिहून घ्या," मी म्हणालो.