पाचव्या धड्यातली चूक

त्र्यंबक सामंतांच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती नावावरून. बारा वर्षं दर रविवारी वर्तकनगरच्या घरी ते कॅल्क्युलेटरवेड्यांचा वर्ग घेत. ही मंडळी मोठ्या पडद्याच्या कॅल्क्युलेटरवर बेसिक नावाच्या भाषेत प्रोग्राम लिहायची. बेसिक सोपं, पण रखडत चालणारं. म्हणून सामंत त्यांना असेंब्ली शिकवायचे, थेट यंत्राच्या भाषेत लिहायला. फुकट, वर चहा. आणि दिवा गावच्या साईनाथने, त्यांच्याच विद्यार्थ्याने, त्यांच्या वहीतले सगळे धडे टाइप करून इंटरनेटवर टाकले ते स्वतःच्या नावावर!

"अक्कल माझी आणि नाव तुझं?" सामंत फोनवर कडाडले.

"सॉरी काका, घाईत राहिलेलं. आत्ता टाकतो ना तुमचं."

टाकलं. प्रत्येक धड्यावर, ठळक. सामंतांनी ते दिवसातून चारदा पाहिलं, बायकोला दाखवलं, मेहुणीला पाठवलं. धडे मात्र वाचले नाहीत. स्वतःचेच, त्यात काय वाचायचं?

तिसऱ्या आठवड्यात धड्यांखाली डोंबिवलीच्या कुणा संचिताने लिहिलं. दोन वर्षं खपून तिने तिथी काढणारा प्रोग्राम बेसिकमध्ये बसवला होता. तो वेगाने चालावा म्हणून ती असेंब्ली शिकायला बसली. पाचवा धडा जसाच्या तसा उतरवला, बटण दाबलं, कॅल्क्युलेटर गोठला. सेल काढून पुन्हा घातले, तर आत काहीच उरलं नव्हतं. 'हे त्र्यंबक सामंत कोण? एवढंही येत नाही, तर शिकवतात कशाला?' खाली चाळीस जणांनी माना डोलावल्या होत्या.

सामंतांनी साईनाथला फोन लावला. त्यांच्या प्रत्येक धड्यात एक ओळ मुद्दाम चुकीची असे. बेसिकमध्ये चुकलं तर पडद्यावर तक्रार येते. असेंब्ली चकार शब्द न काढता सगळी मेमरी घेऊन जाते. म्हणून आधी पेन्सिलीने चूक शोधायची, मगच बटण दाबायचं, अशी वर्गाची शिस्त. वहीच्या पहिल्याच पानावर तसं लिहिलं होतं.

"ते पान कुठे गेलं रे?"

"त्यात प्रोग्राम नव्हता ना काका," साईनाथ म्हणाला, "म्हणून सोडलेलं."

नुसतं 'माफ करा' लिहिलं असतं तरी भागलं असतं. पण सामंतांना त्या पोरीच्या नुकसानापेक्षा आपण अडाणी ठरलो हेच जास्त झोंबत होतं. अर्धा तास खपून त्यांनी लिहिलं, 'मला असेंब्ली येत नाही, हा गैरसमज काढून टाका. ती ओळ चुकीची आहे हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे. मीच ती घातली आहे.'

पाठवल्यावर त्यांना जरा हलकं वाटलं. पाच मिनिटांत संचिताचं उत्तर आलं.

'म्हणजे माहीत असून ठेवलीत?'