सावलीतले मणी

चाकणच्या पुढे, भामा नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याला लागून पुतळाबाईंचं रान होतं. त्या रानातली द्राक्षं ज्यूसच्या कंपनीला जातात, एवढंच त्यांनी देहूच्या नणंदेला सांगितलं होतं. खोटं नव्हतंच ते. रसच जात होता. पुढं त्या रसाला फेस येतो, तो जाड काचेच्या बाटलीत भरतात आणि शहरातले लोक लग्नाकार्यात त्याचं बूच छताला उडवतात, हे नणंदेनं विचारलं नव्हतं. आणि गळ्यात माळ घातलेल्या बाईनं आपणहून सांगायचं काही कारणही नव्हतं.

या द्राक्षांचं सगळंच उफराटं. खायचं द्राक्ष जितकं गोड तितकं नावाजलं जातं. फेसाच्या वाइनला मात्र आंबट हवं. घडात साखर चढायच्या आत, मणी जिभेला चावतोय तेव्हाच तोडायचं. त्यामुळं बांधाशेजारचे बबनराव आणि पुतळाबाई यांच्या बढायाही उलट्या चालायच्या.

"काय भावजी, औंदा कशी हायत?"

"वहिनी, एक मणी खाल्ला तर दोन दिस भाकरी चावत न्हाई!"

"आमची तर पाखरंबी थुंकत्यात."

पण यंदा थंडी पडलीच नाही. पौष महिन्यात लोकांनी पंखे लावले. पाऊसही लवकर गेला होता, विहिरीनं तळ दाखवला होता. पाण्यावाचून मणी बारीक राहिले, साल जाड झाली आणि दिवसाच्या उन्हानं साखर भराभर वर चढली. रात्री गार असत्या तर आंबटपणा टिकला असता, पण रात्रीही उकडत होतं. त्यात पुतळाबाईंच्या रानाच्या पश्चिमेला नवं गोदाम झालेलं. त्याचा निळा पत्रा दुपारभर ऊन पिऊन शेजारच्या ओळींवर ओकायचा. त्या ओळींतला एक मणी पुतळाबाईंनी तोंडात टाकला आणि त्या चरकल्या. साखरेचा पाकच!

त्याच आठवड्यात कंपनीच्या दिव्या म्याडमचा फोन आला. शेतावर देखरेख करणारी ही मुलगी एरवी स्वतः येऊन मणी तपासायची. पण उन्हानं सगळ्यांचेच मळे एकदम पिकायला आणलेले, तिची धावाधाव उडालेली.

"मावशी, चारी बाजूंचे थोडे थोडे मणी पिशवीत घालून चौकात आणून द्या. नमुने बघून मी तोडणीचा नंबर लावते."

पुतळाबाईंचं डोकं लगेच चालायला लागलं. कंपनीला आंबट हवं, म्हणजे जो आंबट तो पहिला. साधा हिशेब. त्या पत्र्याच्या बाजूला फिरकल्याच नाहीत. पूर्वेला शेजारच्या चिंचेची सावली पडते तिथं गेल्या, पानं बाजूला सारून आतल्या घडांचे हिरवेगार मणी तेवढे खुडले. मुलगा गोरक्ष कारखान्यातून पहिली शिफ्ट करून आला होता. तो बांधावर उभा राहून बघत होता.

"आई, चारी बाजूंचे म्हणल्या होत्या ना त्या?"

"मग? ह्या वेलालाबी चार बाजू हायतच की."

गोरक्ष त्याच्या कारखान्यात माल तपासायच्या विभागातच होता. त्यानं कपाळाला हात लावला आणि आंघोळीला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी नंबर कळले. बबनराव पहिले. पुतळाबाई सगळ्यांत शेवटी, पुढच्या आठवड्यात.

"असं कसं?" पुतळाबाई फोनवर ओरडल्याच. "माझी आंबट न्हाईत का?"

"मस्त आंबट आहेत, मावशी! म्हणून तर तुम्हाला घाई नाही. बबनरावांची बिचाऱ्यांची उन्हानं पार पुढं पळालीत, साखर चढलीय, ती आधी काढायला हवीत."

पुतळाबाईंनी फोन ठेवला आणि गोदामाच्या पत्र्याकडं बघितलं.

बबनरावांची तोडणी पहाटे सुरू झाली, मणी गार असतानाच. पुतळाबाई मदतीच्या नावाखाली हजर. कुणाचं लक्ष नाही बघून त्यांनी क्रेटमधला एक मणी उचलला, चावला, आणि त्यांचा एक डोळा आपोआप मिटला. चिंच परवडली!

"भावजी," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "ही पळालेली द्राक्षं व्हय? तुमी उन्हातले मणी वेचून दिलेत."

बबनरावांनी इकडंतिकडं पाहिलं. "मी म्याडमला सरळ इचारलं, गाडी आधी कुणाकडं? त्या म्हणल्या, जिथं घाई तिथं. मग मी घाई दाखवली." आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "म्हंजी वहिनी, तुमी सावलीतले दिले?"

"मी देवाच्या नावानं जसे हाताला लागले तसे दिले," असं म्हणून पुतळाबाई तरातरा घरी गेल्या.

आता पंचाईत अशी की गप्प बसावं तर आठवडाभरात सगळ्या मळ्याचा पाक होणार. सांगावं तर लबाडी उघडी पडणार. दुपारपर्यंत विचार करून त्यांनी दिव्याला फोन लावला. "पोरी, एवढी उन्हातान्हात हिंडतीस. उद्या जेवायला ये. रानातच बसू."

दिव्या आली. पुतळाबाईंनी पंगत बरोबर पश्चिमेच्या ओळीत, वेलीच्या मांडवाखाली मांडली होती. पिठलं, बाजरीची भाकरी आणि ठेचा. त्या ठेच्यात मिरच्या किती घातल्या होत्या ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. दिव्यानं पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"पाणी... मावशी, पाणी!"

"अगंबाई, तांब्या घरीच राह्यला की!"

दिव्यानं डोक्यावरचा घड ओढला आणि मणी बकाबका तोंडात कोंबले. घोटभर रस पोटात गेल्यावर ती एकदम थांबली. जीभ फिरवून पुन्हा एक मणी खाल्ला. मग हात पुसून तिनं पिशवीतलं साखर मोजायचं नळकांडं काढलं, काचेवर रसाचा थेंब टाकला आणि उजेडाकडं धरून डोळा लावला.

"मावशी, चार दिवसांत एवढी साखर?"

"ऊनच तसलं हाय, बाई."

"तो नमुना कुठला होता?"

"ह्याच रानातला. माळंची शप्पत!"

"शपथ मी मागितलीच नव्हती," दिव्या म्हणाली. नाकातोंडातून अजून धूर निघत असतानाही तिला हसू आवरत नव्हतं. तिनं तिथूनच गाडीवाल्याला फोन केला.

दुसऱ्या पहाटे तोडणी झाली. चिंचेकडच्या ओळी फेसाच्या वाइनला गेल्या; पत्र्याकडच्या ओळींची कमी भावाच्या साध्या पांढऱ्या वाइनवर बोळवण झाली. पुतळाबाईंना ते लागलं, पण बोलणार कुणाला?

खरा घाव पुढंच होता. हंगाम संपल्यावर कंपनीनं सगळ्या बागायतदारांना बोलावलं आणि जाहीर केलं, की एवढ्या कडक वर्षात सगळ्यांत झकास आंबट रस बबनरावांचा. बाकीच्यांची द्राक्षं उन्हानं पुढं पळाली, यांची मात्र नेमक्या वेळी तुटली. बबनराव फेटा सावरत उभे राहिले. लबाडी केली आणि ती नेमकी बरोबर पडली, असला नशीबवान माणूस पंचक्रोशीत नव्हता.

"आता उन्हाचा अंदाज," ते घसा खाकरून सांगू लागले, "हा अनुभवानं येतो. मणी बगितला की मला आतून कळतं..."

लोक माना डोलवत होते. पुतळाबाईंच्या जिभेवर खरं काय ते आलं होतं, पण बबनरावांच्याही जिभेवर पुतळाबाईंचं खरं होतंच. त्यांनी पदर सारखा केला आणि उठून उभ्या राहिल्या.

"भावजींचा अभ्यास लई दांडगा हाय," त्या अगदी मनापासून म्हणाल्या. "मी म्हंते, पुढल्या साली सगळ्यांचे नमुने भावजींनीच गोळा करावेत. एकेकाच्या रानात जाऊन, चारी बाजूंनी हिंडून. आमाला काय कळतंय त्यातलं?"

"वा! झकास!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिव्यानं लगेच होकार भरला. तिचं निम्मं काम हलकं होत होतं.

बबनरावांनी आजूबाजूला बघितलं. नदीपासून डोंगरापर्यंत विखुरलेले मळे, माघातलं ऊन आणि आपले गुडघे हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून सरकून गेलं. ते काहीतरी बोलायला गेले, पण टाळ्या थांबेनात.

सगळ्यांत मोठ्यानं पुतळाबाई वाजवत होत्या.