जिभेखालचा सांधा

शिरूरच्या शाळेत शिकवता शिकवता मी मानसशास्त्राची पुस्तकं वाचू लागले. त्यातलं एकच बाबांना पटलं. माणसाची जीभ उगीच घसरत नाही, अबोध मनात दडपलेलं तिच्यावाटे बाहेर येतं. बाबा, म्हणजे शमुवेल, दौंड स्टेशनात सांधेवाले होते. ते म्हणाले, “बरोबर हाय. गाडी आपसूक रूळ बदलत न्हाई. खाली कुणीतरी सांधा ओढलेला असतो.”

तेव्हापासून रेल्वे कॉलनीत कुणाला सुखानं बोलता येईना. शेजारच्या प्रेमाबाई नुकत्याच दारात आलेल्या सासूला निरोपाचं ‘बरं, या’ म्हणून गेल्या, तर बाबांनी ते महिनाभर पुरवलं.

रविवारी रात्रपाळी उरकून ते थेट देवळात येत आणि पहिल्याच बाकावर झोपत. चर्चचे पाळक डेव्हिडसाहेब सभ्य माणूस, कधी एक शब्द बोलले नाहीत. बाबा म्हणत, “लई दाबून धरलंय त्यांनी. सुटंल एक दिवस.”

नाताळ झाला आणि बाबा झोपेतच गेले. मला रडू येईना. शोक दडपला तर पुढं काय होतं, ते सगळं वाचलेलं होतं. त्याचा उपयोग झाला नाही. कृपाआत्या काळजीत पडली. “स्मरणाच्या उपासनेला तरी रड गं. बाया म्हणत्यात, शिकल्याली पोर, बापाचं काय न्हाई तिला.”

त्या दिवशी देऊळ भरलं होतं. पहिला बाक मात्र लोकांनी आपोआप रिकामा सोडला होता. डेव्हिडसाहेब उभे राहिले आणि त्या बाकाकडे पाहून गंभीरपणे म्हणाले, “आपले प्रिय बंधू शमुवेल प्रवचनामध्ये निद्रिस्त झाले.”

‘प्रभूमध्ये’ अशी दुरुस्ती त्यांनी लगेच केली, पण मी तोवर पदरात तोंड खुपसलं होतं. माझे खांदे गदगदत होते. आत्यानं पाठीवरून हात फिरवला आणि मागच्या बाईला समाधानानं सांगितलं, “रडतीय. रडू द्या.”

मी हसत होते. घरी गेल्याबरोबर हे बाबांना सांगायचं, असं मनात आलं.

पदर खाली घेतला तेव्हा तो ओलाचिंब होता.

बाहेर डेव्हिडसाहेब माझ्यापाशी आले. मान वर करवत नव्हती त्यांना. “बाई, माफ करा. जीभ घसरली.”

“असू द्या, साहेब,” मी म्हटलं. “बाबा वाटच पाहत होते.”