हवालदाराची शेवटची पाटी

मूकपटात पात्रं नुसते ओठ हलवतात. त्यांचं बोलणं मग काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत येतं. ती अक्षरं काका रंगवायचा. पुतणीला वाचायलाही त्यानेच शिकवलं होतं, वाळत ठेवलेल्या पाट्यांसमोर बसवून. "चुकलं की मागे जायचं, पुन्हा वाचायचं. त्यात लाजायचं काय?" एवढाच त्याचा नियम.

तिचा बाप, म्हणजे काकाचा थोरला भाऊ, त्याच स्टुडिओत दिवे उचलायचा. त्याला अक्षरओळख नव्हती. पोलीस आणि गुंडांचा नवा चित्रपट निघाला, तेव्हा हवालदाराचा गणवेश नेमका त्याच्या अंगाला बसला, म्हणून त्याला काम मिळालं. गुंडांची गोळी लागून साहेबांच्या मांडीवर मरायचं. ते मरण त्याने घरी इतक्यांदा करून दाखवलं की वहिनी म्हणायची, "आता उठा, पाणी भरायचंय!"

पण चित्रपट जुळवताना गोष्टीत एक फितूर कमी पडला. "ओठ तर हलतायतच," दिग्दर्शक काकाला म्हणाला. "लिही, 'साहेब, टोळीला खबर मीच दिली.'" काकाने मान खाली घालून लिहिलं. नेहमीपेक्षा सुबकच लिहिलं. दादाला सांगणं मात्र तो आज-उद्यावर ढकलत राहिला, आणि खेळ लागला.

थिएटरात पोरगी दोघा भावांच्या मध्ये बसली होती. प्रत्येक पाटी ती बाबांच्या कानात वाचत होती. पडद्यावर हवालदार कोसळला.

"आता माझं आलं बघ! वाच, वाच!"

पाटी आली. पोरगी थबकली. काकाने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"साहेब," ती म्हणाली, "माझं सोडा. टोळी सुटता कामा नये."

घरी रोज ऐकलेले दादाचेच शब्द. इतक्यात मागून कुणीतरी ओरडलं, "फितूर लेकाचा! मेला ते बरं झालं!"

"कुणाला म्हणतोय गं तो?"

"त्या गुंडाला, बाबा."

"हो का! काय सरसर वाचतेस तू. तुझा काका मास्तर आहे खरा!"

काकाला खुर्चीत बसवेना.

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "उद्या अख्खी गल्ली घेऊन येतो." आणि ओळखीच्या सायकलवाल्याला तो फुटपाथवरच मरून दाखवू लागला.

पोरगी काकाजवळ मागे राहिली होती. "त्या पाटीवरचा 'ख' तुझा होता. मी ओळखला," ती म्हणाली. मग अगदी हळू, "मी चुकीचं वाचलं, काका. आणि मागे पण गेले नाही."

समोर दादा कपडे झटकत उठत होता, सायकलवाला टाळ्या वाजवत होता.

"तू नाही चुकलीस, बाळ," काका कसाबसा म्हणाला. मग त्याने हाक मारली, "दादा, जरा इकडे ये. ती शेवटची पाटी पुन्हा वाचायचीय. या वेळी मी वाचतो."

दादा हसत हसत आला.