दुमडत्या दस्त्याची बंदूक

यतीनला मी भाऊ मानलं, हीच माझी घोडचूक. पुण्यात एका बाकावर होतो, इथे सिडनीत स्कोफिल्ड्सला एकाच गल्लीत. बंदुकीचं लायसन्सही मिळूनच काढलं. डोंगरापलीकडच्या एका शेतकऱ्याच्या कोकरांवर कोल्हे पडायचे, ससे कुरण फस्त करायचे. ते मारायला आम्ही विकेंडला जायचो. माझ्या शॉटगनला दुमडता दस्ता बसवला तो यतीननेच. "झुडपात अडकत नाही चारू, डिकीत मस्त मावते. लीगल आहे रे, नो वरीज!" मी गाढव, विश्वास ठेवला.

मग लॉकडाउन लागला आणि बंदूक सेफमध्ये पडून राहिली. ऐन दसऱ्याच्या आठवड्यात पाहुणे बोलवायची मुभा मिळाली, म्हणून यतीनला जेवायला बोलावलं. बाकीचे लॅपटॉपची पूजा करतात, माझ्याकडे खरंखुरं शस्त्र! तोऱ्यातच होतो मी. पाटावर मावावी म्हणून बंदूक दुमडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. तेवढ्यात सेफची रखडलेली तपासणी करायला पोलीस दारात हजर.

मी हौसेने त्याला पूजा दाखवली. त्याची नजर दस्त्यावर थांबली. असा दुमडता दस्ता इथे बेकायदा आहे म्हणाला, केस होईल. पुढच्या आठवड्यात माझी सिटिझनशिपची मुलाखत, आणि आज हे!

"कोणी बसवला?" त्याने विचारलं.

मी यतीनकडे पाहिलं. श्रीखंडाची वाटी हातात घेऊन हा बसलेला. "नो आयडिया, ऑफिसर."

"अरे यतीन!" मी ओरडलोच.

तसा तो माझ्याकडे वळला आणि अगदी थंडपणे मराठीत म्हणाला, "एकट्याने घे ना अंगावर. माझी मुलाखत झालीये, नुसती शपथ राहिलीये. दोघांनी कशाला बुडायचं?"

परक्याने केलं असतं तर शिव्या घालून मोकळा झालो असतो. याने तर आमच्याच भाषेत माझा गळा कापला.

"काय म्हणतोय हा?" पोलिसाने मला विचारलं.

मी सावरायच्या आत यतीनच इंग्रजीत बोलला, "खरं काय ते सांगून टाक, असं समजावतोय त्याला."

पोलिसाने मान डोलावली. "ऐक त्याचं," मला म्हणाला. "गुड मेट आहे तुझा."